बाबांचं फुटबॉलवेड

"मंगळवारी वर्षश्राद्ध आणि शुक्रवारी मॅच. मध्ये चार दिवस तरी जाऊ द्यायचे होते," सरोजिनीआत्या म्हणाली आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. आत्या पाय वर घेऊन बसली की तिला हलवणं सोपं नसे, हे गायधनींच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

"आत्या, फायनल काय मी लावली का आज?" अभिजित म्हणाला. खुर्चीवर रचलेल्या मरून जर्सी तो पुन्हा एकदा मोजत होता. सहा होत्या, सहाही जर्सींच्या पाठीवर 'गायधनी' आणि खाली दहाचा आकडा. "आणि आपण मॅच बघायला नाही चाललो. बाबांच्या नावाचा करंडक द्यायला चाललोय. विद्यापीठाने हो म्हटलं हेच खूप झालं."

"खेळाचा करंडक आणि तो सदूच्या नावाचा! शाळेत लंगडीतसुद्धा पहिला बाद व्हायचा तो."

"म्हणून तर खेळ बघायचे," नमिता हसून म्हणाली. ती अभिजितची बायको. सासरच्या भांडणात तिचं पाऊल नेहमी असं हलकं पडायचं. "चला आत्या, तुमच्यासाठी मिडियम साइज आणलीय."

आत्याने जर्सी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पोस्टातून आलेल्या नोटिशीसारखी घडी करून पर्समध्ये टाकली.

मृणालिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हे ऐकत होती. आत तिची आई, संजीवनी, चिवडा डब्यात भरत होती. डबा भरला तरी तिचा हात थांबेना. तिने दुसरा डबा काढला.

"आई, सहा माणसं आहोत. पलटण जेवायची नाहीये."

"असू दे गं. तिथे लागतो."

तिथे कुणाला लागतो, हे मृणालिनीने विचारलं नाही. गेले दहा दिवस ती आईला काहीच विचारत नव्हती, कारण विचारायचा प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर आईने आजवर टाळलं होतं. आईचा कतारमध्ये राहायचा परवाना बाबांच्या नावावर होता. बाबा गेल्यावर अभिजितने खटपट करून तो वर्षभर लांबवला. आता वर्ष सरलं. रविवारी सकाळी अभिजितच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं बघणारा माणूस, कागद घेऊन जाणार होता. आई राहणार असेल तर मुलाच्या नावावर नवा परवाना घ्यायचा, नसेल तर मंगळवारच्या विमानाने तिने नाशिकला जायचं. मृणालिनीने तिकिटं तीन काढली होती. स्वतःचं, आत्याचं आणि आईचं.

तिकीटच नव्हे, तिने खोलीसुद्धा तयार केली होती. गंगापूर रोडवरच्या तिच्या फ्लॅटमधली पूर्वेची खोली फिक्या पिवळ्या रंगाने रंगवून घेतली होती. आईच्या गुडघ्यांना सोसेल असा उंच पलंग सुताराकडून करवून घेतला होता. एकोणचाळिसाव्या वर्षी, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एकट्या बाईने आईसाठी खोली मांडावी, यात जगाला काही विशेष वाटलं नसतं. पण अकराव्या वर्षी जिला आई-बाबा नाशिकला आत्याकडे ठेवून दोह्याला आले, त्या मुलीला ती खोली म्हणजे काय होती हे फक्त तिलाच ठाऊक. 'दोनच वर्षं हं,' आई तेव्हा म्हणाली होती. मराठी शाळेतली मुलगी एकदम इंग्रजी शाळेत बुजेल, स्कॉलरशिपची परीक्षा होऊ दे, मग नेऊ. दोनाची सात झाली. सहा वर्षांचा अभिजित मात्र त्यांच्याबरोबर गेला.

"आई, मग परवान्याचं?" अभिजितने काल पुन्हा विचारलं होतं.

"उद्याची मॅच होऊ दे. मग सांगते," आई म्हणाली होती.

*

गाडीत आत्या पुढे बसली. मागे मृणालिनी, आई आणि दोघींच्या मांडीवर डबे. नमिता आणि नऊ वर्षांची आर्या सगळ्यात मागे.

"बाबांना मी वर्ल्ड कपची तिकिटं काढून दिली होती," सिग्नलला अभिजित सांगू लागला. ही गोष्ट तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखी सांगायचा. "आमच्या अल थुमामात, घरापासून चालत जाता येईल असं स्टेडियम. माणूस म्हणतो कसा, 'तू आणि आई जा. मला गर्दी सोसत नाही. मला आपली कॉलेजच्या पोरांचीच मॅच बरी.'"

"खरा रसिक," नमिता म्हणाली. "आम्ही त्यांना फुटबॉलचं घड्याळ दिलं, फुटबॉलचा मग दिला, फुटबॉलचे मोजे दिले. सगळं वापरायचे बिचारे."

"अँड द फुटबॉल केक," आर्या म्हणाली.

आई खिडकीबाहेर बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू होतं की काय हे मृणालिनीला कळलं नाही.

बाबांच्या फुटबॉलवेडाशी मृणालिनीचं फारसं बरं नव्हतं. नाशिकला आत्याकडे दर शुक्रवारी संध्याकाळी सातला फोन यायचा, असं ठरलेलं होतं. थंडी सुरू झाली की तो साडेआठला यायचा. दीड तास ती त्या काळ्या फोनशेजारी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची आणि एकही ओळ वाचायची नाही. मग बाबांचा आवाज: 'मॅचला गेलो होतो गं. तुझ्या आईलाही ओढत नेलं.' सातवीत असताना तिने सरळ सांगून टाकलं होतं, 'बाबा, मला तुमच्या फुटबॉलचा राग येतो.' पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली होती. मग बाबा म्हणाले होते, 'राग रास्त आहे बेटा. पण मला राहवत नाही, काय करू?'

तिने तो राग पुढे बोलून दाखवला नाही. पण सोडलाही नव्हता. बाबा गेल्यावर तो नुसताच हातात राहिला, आणि त्याचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

*

विद्यापीठाचं ते स्टेडियम शहरातल्या नव्या, चकचकीत स्टेडियमांच्या आधीचं, सत्तरच्या दशकातलं. काँक्रीटचे जाडजूड खांब, एकाच बाजूला छप्पर, पायऱ्यांच्या कडा हजारो बुटांनी झिजून गोल झालेल्या. जानेवारीचा वारा मैदानावरून थेट अंगावर येत होता. इंजिनिअरिंगच्या पोरांनी ढोल आणले होते. समोर कॉमर्सवाल्यांनी एक भलंमोठं फडकं पसरलं होतं आणि त्याच्याखाली पन्नास जणांची डोकी उसळत होती. ट्युनिशियाची, सुदानची, केरळची, मनिलाची पोरं एकाच सुरात ओरडत होती, आणि ते काय ओरडताहेत हे बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं.

फाटकापाशी मैदानाची देखभाल करणारा एक दाढी पिकलेला माणूस घाईघाईने पुढे आला. तो अभिजितकडे आला नाही, करंडकाच्या खोक्याकडेही त्याने पाहिलं नाही.

"भाभीजी! पूरा एक साल!"

"इरशादभाई, कैसे हो? घुटना कैसा है?"

"घुटना छोड़िए. आपने तो आना ही बंद कर दिया." त्याने खिशातून चौपदरी घडीचा कागद काढून आईच्या हातात दिला. "दोनों टीमों के नाम हैं. इंजिनिअरिंग ने गोलकीपर बदल दिया है."

"बदल दिया? क्यों? अच्छा तो था वो लंबू."

"हाथ टूट गया उसका. आपको कौन बताता?"

आईने च् च् केलं, अगदी शेजारच्या कुणाचा मुलगा पडल्यासारखं, आणि एक डबा इरशादच्या हातात दिला. त्याने तो सरावाने काखेत मारला. मृणालिनी आणि नमिता एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आइए, साहब की जगह ख़ाली रखी है," इरशाद म्हणाला.

साहेबांची जागा चौथ्या रांगेत होती. अभिजित मोठ्या भक्तिभावाने पुढे झाला, आणि थबकला. जागेच्या बरोबर समोर खांब होता. दोन माणसांनी कवेत घ्यावा एवढा.

"इथे? इथून तर अर्धं मैदानच दिसत नाही."

"साहब को मैदान से क्या काम?" इरशाद मोकळेपणाने हसला. "उनको तो छाँव चाहिए थी, और हवा नहीं लगनी चाहिए. सुडोकू का काग़ज़ उड़ जाता था न. बीच में हम ज़ोर से चिल्लाते, तो वो भी हाथ ऊपर कर देते, गोल! फिर भाभीजी से पूछते, किसने किया?"

"इरशादभाई," आई हळूच म्हणाली.

इरशादने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पाठीवरच्या दहाच्या आकड्यांकडे पाहिलं, आणि गवताला पाणी किती दिलंय ते बघायला जायला हवं असं काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरून गेला.

"सुडोकू?" अभिजित म्हणाला.

"करायचे कधीमधी," आई म्हणाली. "बसा सगळे. सुरू होतंय."

ती स्वतः खांबामागे बसली नाही. दोन जागा सोडून, जिथून दोन्ही गोल स्वच्छ दिसतील अशा ठिकाणी ती बसली, शाल घट्ट केली, चष्मा पदराने पुसला आणि पुढे वाकली. त्या क्षणापासून ती तिथे नव्हतीच. वर्षभर मृणालिनीने आईला फोनवर आणि आता दहा दिवस समोर पाहिलं होतं: प्रश्न विचारला की उशिरा उत्तर देणारी, चहा ढवळून तसाच ठेवणारी. ही बाई वेगळी होती. तिचे ओठ हलत होते. "डावीकडे... अरे डावीकडे मोकळा आहे तो... दे ना."

विसाव्या मिनिटाला कॉमर्सने चेंडू जाळ्यात मारला. कॉमर्सवाल्यांचं फडकं उसळून वर आलं. अभिजितने दोन्ही हात वर करून उडी मारली. आत्यासुद्धा दचकून "झाला का?" म्हणाली.

"ऑफसाइड आहे, धरणार नाहीत. बस खाली," आई म्हणाली.

अभिजित बसेपर्यंत मैदानाकडेला उभ्या असलेल्या माणसाने निशाण वर केलं होतं.

"आजी, हाऊ डिड यू नो?" आर्याचे डोळे मोठे झाले.

"चेंडू पोचतो तेव्हा बघायचं नाही बाळा. निघतो तेव्हा बघायचं. तेव्हाच तो पुढे होता."

"बट एव्हरीवन वॉज लुकिंग ॲट द बॉल."

"तेच तर चुकतं सगळ्यांचं," आई म्हणाली. तिची नजर मैदानावरून हलली नव्हती.

*

मध्यंतरात स्टेडियमबाहेरच्या गाडीवर करक चहा घ्यायला आई उठली, तेव्हा मृणालिनीही तिच्याबरोबर गेली. कागदी पेल्यांतला वेलदोड्याचा वास वाऱ्याबरोबर येत होता. रांगेत पुढे आठ-दहा पोरं होती.

"तुझं होतं," मृणालिनी म्हणाली. "बाबांचं नव्हतंच. तुझं वेड होतं ते."

पुढची पोरं एक पाऊल सरकली, त्यांच्यामागे आई सरकली.

"देवळाली कॅम्पात आमच्या क्वार्टर्सच्या मागे ग्राउंड होतं," ती म्हणाली. "पलटणीच्या मॅचेस व्हायच्या. मी पाण्याच्या टाकीवर चढून बघायची. चार-पाच वर्षं एक मॅच चुकवली नसेल. मग शहाणी झाले आणि आजीने टाकी बंद केली. मुलीच्या जातीने शिपायांच्या ग्राउंडाकडे तोंड करून बसायचं नाही. संपलं. मी विसरूनसुद्धा गेले होते."

"मग?"

"इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात. तुला ठेवून आले होते. दिवसभर घरात रडायचे, यांना संध्याकाळी दारातून मोलकरणीवर ओरडल्यासारखा आवाज ऐकू यायचा तेवढाच. मोलकरीण नव्हतीच गं आपल्याकडे, मी भिंतींवर ओरडायची. एकदा यांच्या साइटवरून परत येताना गाडी इथून चालली होती. आतून आवाज आला. मी म्हटलं, 'थांबा जरा.' फाटकातून बघत उभी राहिले. किती वेळ, ते नाही आठवत. हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर वन्संना फोन लावला आणि म्हणाले, 'मला बाई फुटबॉलचं वेड लागलंय. दर शुक्रवारी जाणार.' मी शेजारी उभी. मला घामच फुटला. अभिजितला आम्ही ओळखीच्यांकडे सोडून जायचो, म्हणून त्यालाही कधी कळलं नाही."

"पण तूच का नाही सांगितलंस?"

"कुणाला? तुझ्या आत्याला?" आई पहिल्यांदाच मृणालिनीकडे वळली. "ती तिथे माझ्या मुलीची वेणी घालणार, शाळेचा डबा करणार, ताप आला तर उशाशी बसणार. आणि मी तिला सांगू, की मी इथे मजेत मॅच बघते? आणि तुला काय सांगू? सात वाजता फोनपाशी बसलेली असायचीस ना तू? मला माहीत होतं. हे म्हणायचे, 'तिला माझा राग येऊ दे. बापाचा राग पोरी विसरतात. आईचा नाही विसरत.'"

मृणालिनीला तो फोन आठवला. पलीकडे ती खरखर आणि मग तो आवाज: 'राग रास्त आहे बेटा.' सत्तावीस वर्षं तो माणूस मोजे, मग आणि घड्याळं स्वीकारत राहिला. खांबामागे बसून चौकोनांत आकडे भरत राहिला. आणि लेकीच्या मनातली एक जागा, जी त्याने रिकामी करून मागितली असती तर तिने केव्हाच दिली असती, ती त्याने तशीच कडू राहू दिली.

तिला वाटलं होतं की असं काही कळल्यावर माणसाला वाईट वाटतं. तिला वाटत होतं ते वाईट नव्हतं. हातात राहिलेलं ओझं कुणीतरी हळूच काढून घ्यावं, आणि घेणारा दिसूही नये, तसं काहीतरी होतं.

"वर्षभर का नाही आलीस मग?"

"हे गेले. आता मी कुणाच्या नावावर येणार?" आई साधेपणाने म्हणाली. मग गाडीवाल्याला, "भैया, छे करक. दो में शक्कर कम."

पेले हातात घेऊन दोघी परत निघाल्या. फाटकापाशी मृणालिनी थांबली.

"आई, तुला इथेच राहायचंय ना?"

"नाही गं. मी येते तुझ्याबरोबर."

"खरं सांग."

आई पेल्यांवरच्या वाफेकडे बघत राहिली. "मृणाल, तू खोली रंगवलीस. पलंग केलास. एकदा तुला टाकून आले मी. आता तू बोलावतेयस. दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

आतून शिट्टी वाजली. आईची मान आपोआप आवाजाच्या दिशेने वळली. मग तिने ती बळेच परत फिरवली, लेकीकडे. तेवढंच मृणालिनीने पाहिलं.

*

कॉमर्सने दोन-शून्य जिंकली. दोन्ही गोल अकरा नंबरच्या सुदानी मुलाने केले. बाबांच्या नावाचा करंडक त्यालाच द्यायचं ठरलं. "दोन्ही सोपे होते," आई उठता उठता पुटपुटली, "पण ठीक आहे, मेहनती आहे."

मैदानाकडेला अभिजितने खोकं उघडलं. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे एक गृहस्थ माइकवर बाबांविषयी चार शब्द बोलले: सत्तावीस वर्षं या मैदानाचे सर्वांत निष्ठावान प्रेक्षक. खुर्चीत बसलेल्या आत्याने नाक वर ओढलं आणि रुमाल डोळ्यांना लावला. आईने दोन्ही हातांनी करंडक मुलाच्या हातात दिला आणि वर बघत, कारण तो तिच्यापेक्षा दीड हात उंच होता, म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स. बट लेफ्ट फुट, बेटा. लेफ्ट फुट."

"यस आंटी," तो लाजून हसला. "यू ऑलवेज टेल मी. सिन्स फर्स्ट इयर," आणि असंच काहीसं त्याने मोडक्यातोडक्या हिंदीतही सांगितलं, आणि आजूबाजूची पोरं हसली. "व्हेअर वेअर यू दिस सीझन?"

अभिजितने करंडकाचा फोटो काढायला वर केलेला फोन तसाच खाली आला. तो आईकडे, मग खांबाकडे, मग पुन्हा आईकडे बघू लागला. नमिताने त्याच्या दंडाला हात लावला. तिला आधीच कळलं होतं.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान झाली. पोरं पाण्याच्या नळांकडे गेली, मैदानावरची गर्दी ओसरली. दिवे अजून पुरते लागले नव्हते. गायधनी मंडळी चौथ्या रांगेत डबे आवरत होती. आत्या मुद्द्याची बाई. ती फार वेळ रडत बसत नसे.

"मग, संजीवनी? मॅच झाली. आता सांगणार होतीस. मंगळवारी तिघी ना आपण?"

अभिजित हातातलं काम सोडून उभा राहिला. आईने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं.

"हो वन्सं. मृणालने एवढी खोली—"

"आई येत नाहीये, आत्या," मृणालिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. आईसुद्धा.

"म्हणजे?"

"मीच नको म्हटलं तिला. मघाशी बाहेर आमचं बोलणं झालं." ती सुचतील तसे शब्द जोडत गेली. "कॉलेजचं मूल्यांकन आहे यंदा, मी रात्री आठशिवाय घरी येत नाही. आई दिवसभर एकटी. चौथा मजला. लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. तिचे गुडघे... मला नाही जमायचं ते. अभिजितकडे राहू दे तिला."

"आणि हे खोली रंगवताना नाही सुचलं?"

"नाही सुचलं."

"शाबास!" आत्याचा आवाज चढला. दोन रांगा खाली झाडू मारणाऱ्या माणसाने वर पाहिलं. "जन्मदात्या आईला बोलावून घ्यायचं आणि तिकीट काढल्यावर नाही म्हणायचं! मी वाढवली तुला, हे शिकवलं का मी? सात वर्षं माझ्या घरात राहिलीस, कधी तुला म्हटलं, की मला जमत नाही?"

"नाही म्हटलंस, आत्या." ते शंभर टक्के खरं होतं.

"वन्सं, तिचं काही नाही यात," आई पुढे आली. "ती उगीच—"

"आई, तू बोलू नकोस." आजवर ती आईशी अशी बोलली नव्हती. "मी ठरवलंय. खलास."

आई जागच्या जागी उभी राहिली. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मृणालिनी नजर न चुकवता उभी राहिली. बाबांना हे सत्तावीस वर्षं कसं जमलं असेल, असा विचार तिच्या मनात आला.

"आई," नमिता मधेच, नेहमीपेक्षा घाईने म्हणाली, "मी इतके दिवस बोलले नाही, कारण तुम्हाला वाटेल आर्याला सांभाळायला ठेवून घेते. पण राहा. आर्याला मी शुक्रवारी क्लासला घालणार होते, ते रद्द. तिला तुम्ही इथे आणा."

"प्लीज, आजी," आर्या म्हणाली. "आय डोन्ट गेट द ऑफसाइड थिंग येट."

"ताई," अभिजित म्हणाला. "खरंच? म्हणजे रविवारी मी कागद देऊ?"

"दे."

आईने पदराने डोळे पुसले. मग आर्याचा हात धरून ती पायऱ्या उतरू लागली. खाली इरशाद पाण्याचा पाइप गुंडाळत होता. तिने त्याला वरूनच हाक मारली आणि पुढच्या सीझनची पहिली मॅच कधी आहे, ते विचारलं. अभिजित आणि नमिता डबे घेऊन मागोमाग गेले.

आत्या आणि मृणालिनी मागे राहिल्या. कडा झिजलेल्या त्या पायऱ्या उतरणं आत्याला कठीण होतं. तिने रागातच हात पुढे केला. मृणालिनीने तो धरला. वेणी घालणारा, गणिताच्या वहीवर चापट मारणारा, तापात कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवणारा हात. त्याला आता फारसं वजन उरलं नव्हतं.

दोघी चार पायऱ्या उतरल्या.

"एकदा मी सदूला फोनवर विचारलं," आत्या म्हणाली, "काय रे, काय झालं मॅचमध्ये? तर मेल्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि तिला विचारायला लागला, काय झालं, किती गोल झाले. मला सगळं ऐकू येत होतं. हात कसला ठेवतो, बोटांत फटी."

मृणालिनी थांबली. "म्हणजे तुला..."

"तो बोलला नाही. मी विचारलं नाही. संपला विषय." आत्याने पुढची पायरी पायाने चाचपली. "तुलाही त्याच्यासारखंच जमत नाही बोलणं. लिफ्ट म्हणे बंद असते. दिवाळीत नवी बसवली ना तुमच्याकडे? मीच पहिल्यांदा चढले तिच्यातून, नारळ फोडून."

मृणालिनीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. "मग एवढी ओरडलीस कशाला माझ्यावर, सगळ्यांदेखत?"

"ओरडायला नको?" आत्या म्हणाली. "मी ओरडले नसते, तर ते कुणाला खरं वाटलं असतं? धर नीट हात. अजून पाच पायऱ्या आहेत."